नाव पाणलाव्याचं, गोत कमळपक्ष्याचं!

मराठी विभागाला लेख देणार म्हटल्यावर मेसमध्ये पहिली प्रतिक्रिया आली, "तू? अगं, तू कॉन्व्हेंटची ना? इंग्लिश सेक्शनला दे की!" माझी रूममेट मोखाड्याची, आश्रमशाळेत शिकलेली. तिचा अनुभव याच्या नेमका उलटा. एम-थ्रीला तिला आख्ख्या ब्रँचमध्ये जास्त मार्क पडले, तेव्हा अभिनंदन करायचं सोडून एक जण म्हणाला, "पण तू कोट्यातून आलीस ना?" ती काहीच बोलली नाही. पुस्तक उघडून बसली. त्या रात्री मला मात्र थर्मोचं एक पान कळलं नाही.

तर मित्रांनो, यावर भाषण ठोकायचा माझा विचार नाही. मी एका पक्ष्याबद्दल लिहिणार आहे.

मागच्या ऑगस्टमध्ये चार दिवस सुट्टी मिळाली आणि मी रूममेटच्या घरी गेले. त्र्यंबकेश्वर मागे टाकून गाडी मोखाड्याच्या रस्त्याला लागली की डोंगर हिरवे आणि ढग हाताच्या अंतरावर. उतारावर नागली-वरई, खाली सखल जागी भाताची खाचरं. तिच्या घराच्या खालच्या अंगाला एक पाणथळ तुकडा आहे, गवत माजलेला. संध्याकाळी काका (म्हणजे तिचे बाबा) आम्हाला बांधावर घेऊन गेले आणि ओठावर बोट ठेवून खाली बसायला सांगितलं.

पाच-दहा मिनिटांनी गवतातून एक पक्षी दबकत बाहेर आला. लांब चोच, टोकाशी किंचित खाली वाकलेली. गळा आणि छाती गडद तांबूस, डोळ्याभोवती पांढरा पट्टा चष्म्याच्या काडीसारखा मागे ओढलेला, आणि खांद्यावरून आणखी एक पांढरा पट्टा, जशी काही पाठीवर सॅक आहे. मी हळूच विचारलं, "काका, नर कुठला?"

"नर तिकडं गवतात, अंड्यांवर बसलाय. ही बाई. अंडी त्याच्याकडं देऊन मोकळी झाली. आता दुसरा जोडीदार बघेल."

मागून काकू म्हणाल्या, "पाखरांत तरी बरं आहे!"

हॉस्टेलला परत आल्यावर मी याच्या मागेच लागले. इंग्रजीत याला ग्रेटर पेंटेड स्नाइप म्हणतात. आपण रंगीत पाणलावा म्हणू. काकांचं म्हणणं अक्षरशः खरं निघालं. मादी नरापेक्षा मोठी आणि भडक रंगाची. नर मातकट, पंखांवर पिवळसर ठिपके, म्हणजे अंड्यांवर बसल्यावर दिसूच नये असा. मादी साधारण चार अंडी घालते आणि निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं नराकडे. तिन्हीसांजेला साद घालते तीसुद्धा मादीच. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा तो आवाज. त्यासाठी तिची श्वासनलिका लांब आणि वेटोळी असते, नराची तशी नसते. मेकॅनिकलच्या भाषेत सांगायचं तर पाइपची लांबी वाढवली!

पण खरी गंमत पुढे आहे. हा पक्षी नक्की कुणातला?

लिनियसने १७५८ मध्ये याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा चक्क रेल पक्ष्यांत, म्हणजे पाणकोंबडीच्या गोतात टाकलं. १८१६ मध्ये व्हिएयो या फ्रेंच पक्षीशास्त्रज्ञाने चोचीवरून त्याला स्वतंत्र प्रजाती-नाव दिलं, रोस्ट्रॅट्युला. लोकांच्या तोंडी मात्र तो स्नाइपच राहिला, कारण चोच लांब आणि वावर चिखलात. खरा पाणलावा आपल्याकडे हिवाळ्यात येणारा पाहुणा. उठवला की वेडीवाकडी वळणं घेत सुसाट पळतो. हा मात्र पाय लोंबकळत ठेवून जडपणे उडतो आणि थोड्या अंतरावर परत गवतात बसतो.

निकाल लागला तो उष्णतेने. सिबली आणि आल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दोन-दोन पक्ष्यांच्या डीएनएचे धागे तापवून सुटे केले, एकमेकांत मिसळून जुळू दिले आणि पुन्हा तापवले. नातं जितकं जवळचं, तितकी ती जोडी सुटायला जास्त तापमान लागतं. १९९० मध्ये त्यांनी मांडलेल्या वर्गीकरणात रंगीत पाणलावा बसला कमळपक्ष्याशेजारी. तोच तो, लांब बोटांनी तळ्यातल्या पानांवरून चालणारा. पुढे जनुकांच्या थेट वाचनानेही हेच सांगितलं. आणि कमळपक्ष्यांतही बहुतेक ठिकाणी मादी मोठी आणि अंडी नराकडे! मोठ्या गणात पाणलावा आणि हा एकत्र आहेत, पण कुटुंब वेगळं. चोच सारखी, कारण काम सारखं. दोघांनाही चिखलात खुपसूनच पोट भरायचं असतं. चोच हे हत्यार आहे, ओळखपत्र नाही.

जव्हारचंही असंच झालं आहे. मुकणे राजांचं हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ठाणे जिल्ह्यात गेलं. १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार-मोखाडा पालघर जिल्ह्यात. पाट्या बदलल्या, खाचरं तिथेच. पाणलाव्याला यातलं काहीच कळवलेलं नाही.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. पक्ष्यांचं गोत रक्तात शोधतात ते ठीक आहे, ते शास्त्र आहे. माणसाचं तसं शोधायला कुणी जाऊ नये. मला या पक्ष्याकडून घ्यायचंय ते वेगळंच. अडीचशे वर्षं मोठमोठी माणसं त्याला या खणातून त्या खणात हलवत होती. आणि अंड्यांवर कोण बसतं हे काकांना कुठलंही पुस्तक न उघडता माहीत होतं, कारण ते लावणीला, बेणणीला रोज त्याच बांधावर असतात. माझी रूममेट एम-थ्री कशी शिकली हेही तसंच आहे. रात्री दोन वाजता आमच्या खोलीत जो जागा असेल, त्यालाच ते दिसतं.

पुढच्या पावसाळ्यात काकांनी परत बोलावलंय. कुणाला यायचं असेल तर जरूर या. फक्त अट एकच: घरट्याजवळ जायचं नाही, तिथे बाप बसलेला असतो. बांधावर लांब बसायचं, मोबाइल बंद ठेवायचा आणि अंधार पडेपर्यंत गप्प राहायचं. बाटलीत फुंकर मारल्यासारखा आवाज आला की समजा, बाई कामाला लागल्या!