वेलांट्या सरकवणारी बाई

माझ्या सेवापुस्तकात पदनाम आहे 'ग्रंथालय परिचर'. आकृतिबंधात तेवढीच जागा रिकामी होती. मी एम.लिब. झालेली, पण नोकरी कायम, म्हणून रुजू झाले. आमचे मामाही परिचरच. कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात, हे ते स्क्रीनकडे न बघता सांगतात. त्यांच्या पंगतीत बसायला मला कधीच लाज वाटली नाही. अडचण झाली ती पुढे.

कॉलेजनं जुनं सॉफ्टवेअर सोडून 'कोहा' घ्यायचं ठरवलं. ते फुकट मिळतं, एवढंच कारण वर पटलं होतं. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी बनलेली ही प्रणाली २००० साली सुरू झाली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. भेट आली, पण बसवणार कोण? संगणक विभागाचे सर म्हणाले, "हे लायब्ररीचं काम." ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "हे कम्प्युटरचं काम." दोघांच्या मधल्या खुर्चीवर मी होते.

जुन्या मराठी नोंदी युनिकोडमध्ये नव्हत्या. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टाईप व्हायची. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. रूपांतराच्या प्रोग्रामनं साधी अक्षरं बरोबर वळवली, जोडाक्षर आलं की मात्र तो अडखळायचा. 'व्यक्तिचित्रे'चं झालं 'व्यकि्तचित्रे'. डोळ्यांना फरक जेमतेम, पण शोधायला गेलं की पुस्तक गायब. हिवाळाभर मी २४५ क्रमांकाच्या रकान्यातली शीर्षकं एकेक करून तपासली. घरी लेक विचारायची, "आई, आज किती वेलांट्या सरकवल्यास?" माझ्या कामाचं इतकं नेमकं वर्णन आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

मग कॉलेजांचं मूल्यांकन करणारं नॅक आलं. अहवालात सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्ती, स्वयंचलन पूर्ण की अंशतः, कोणत्या वर्षापासून, सगळ्याला रकाना. ते मीच भरले. प्रणाली चालवणाऱ्या माणसाला मात्र रकाना नव्हता.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी ऑफिसमधले भाऊसाहेब बिल्ले करत होते. "मॅडम, तुमच्या बिल्ल्यावर परिचर बरं दिसणार नाही हो. सर्व्हरबद्दल विचारतील ते."

"मग काय लिहिताय?"

"सिस्टिम लायब्ररियन. दोन दिवसांपुरतं."

खोटं कशाला बोलू, रात्री आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. सकाळी बिल्ला हातात आला. भाऊसाहेबांचा सगळा मजकूर अजून जुन्या फॉन्टातला, छापण्यापुरता वळवून घेतलेला. माझ्या नावाखाली ठळक अक्षरांत होतं: 'सिसि्टम लायब्ररियन'.

पेन शोधेपर्यंत समितीच्या गाड्या फाटकात शिरल्या होत्या. मी बिल्ला तसाच लावला आणि मामांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.