आठवं इंटिग्रल

बारावीत इंटिग्रेशन घोकलं, एम-थ्रीत कसंबसं सोडवलं आणि नोकरी लागल्यावर सोडून दिलं, असं आपल्यापैकी बहुतेकांचं झालंय. माझ्याकडे ते कामातून परत आलं. मी आवाजाच्या फिल्टरचा कोड लिहितो आणि तिथे साइन एक्स भागिले एक्स हे फंक्शन सारखं भेटतं.

०पासून अनंतापर्यंत त्याचं इंटिग्रल पाय भागिले २ येतं. आता त्याला त्याच फंक्शनने गुणा, फक्त एक्सच्या जागी एक्स भागिले ३ टाकून. उत्तर तेच. मग ५, ७, ९, ११, १३. तरी तेच! आमच्या इंटिग्रेशनच्या कोडला मी पायथनमध्ये हीच टेस्ट लावली. सात हिरव्या. १५ घेतल्यावर आठवी लाल.

फरक किती? दशांशानंतरचे दहा अंक जुळतात, अकराव्या जागी ९ऐवजी ७. टीममधले सीनियर म्हणाले, "अरे, फ्लोटिंग पॉइंटचा कचरा आहे. टॉलरन्स वाढव आणि मर्ज कर." रिलीज दोन दिवसांवर होती, त्यामुळे त्यांची घाई कळत होती. पण डबलमध्ये पंधरा-सोळा अंक भरवशाचे असतात. अकराव्यातच गडबड म्हणजे एकतर आमचा कोड गंडलाय, नाहीतर गणितच तसं आहे. आणि त्या कोडवर आणखी चार मॉड्यूल उभी होती.

गणितच तसं निघालं. डेव्हिड आणि जोनाथन बोरवाइन या बापलेकांनी २००१मध्ये 'रामानुजन जर्नल'मध्ये हे मांडलंय. सपाट माथ्याचा एक ओटा समजा. मधोमध उभं राहिलं की दोन्हीकडच्या कडा १ अंतरावर. प्रत्येक नवा गुणक त्या कडा आत झिजवत आणतो: आधी १/३, मग आणखी १/५, मग १/७... आणि इंटिग्रलचं उत्तर म्हणजे ओट्याच्या बरोबर मध्याची उंची. १३पर्यंतची बेरीज ०.९५५ भरते, झीज मध्यापर्यंत पोचत नाही. १/१५ मिळवला की १.०२२. मध्य किंचित खचतो.

ही बेरीज सीनियरांना फोनच्या कॅल्क्युलेटरवर करून दाखवली. टॉलरन्स तसाच राहिला, आठव्या टेस्टचं अपेक्षित उत्तर बदललं.

याच गुणाकारात २ कॉस एक्स घातलं, तर पाय भागिले २ थेट १११पर्यंत टिकतं आणि ११३ला मोडतं. तिथला फरक दशांशानंतर १३७ शून्यं ओलांडल्यावर सुरू होतो. डबलला तो दिसणारच नाही, टेस्ट हिरवीच राहील. म्हणून अपूर्णांकांची बेरीज २ ओलांडते का, एवढंच बघणारी वेगळी टेस्ट लिहिली. तीन ओळींची. उद्या कोणी ती फालतू समजून उडवू नये, म्हणून वर मराठीत कॉमेंटही टाकलीय.