फॉर्मसाठी काढलेला फोटो धूसर का होतो?



आमच्या हट्टा गावातल्या पाचवीच्या एका मुलीचा प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरत होतो. शेवटचा दिवस. आई-वडील ऊसतोडीला गेलेले, घरी फक्त आजी. फोटो मीच मोबाईलवर काढला, छान आला. मग तो कापून सेव्ह केला. उजेड वाढवून परत सेव्ह केला. कॉम्प्युटरवर घ्यायला व्हॉट्सॲपने पाठवला. शेवटी केबी कमी करायला एका ॲपमध्ये टाकला. आजीला दाखवला तर म्हणाली, "सर, ही आमची पोरगी हाय व्हय?"

लाज वाटली. हॉल तिकिटावर हाच फोटो गेला असता तर? त्यात मेमरी फुल म्हणून मूळ फोटो मी डिलीट केलेला. नशीब, गॅलरीच्या ट्रॅशमध्ये सापडला.

असं का झालं? मोबाईलचे फोटो बहुधा जेपीईजी प्रकारचे असतात. हे प्रमाण 1992 चं. फाईल लहान व्हावी म्हणून त्यात फोटोचे 8×8 पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील टाकून देतात. टाकलेलं परत येत नाही. दर बदलानंतर सेव्ह केलं की पुन्हा थोडं जातं. स्वाध्यायाच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं पुसट होतात ना, तसंच. नुसता फोटो उघडून पाहिला किंवा फाईल कॉपी केली तर मात्र काही बिघडत नाही.

आता मी असं करतो :

1. मूळ फोटोला हात लावत नाही, कॉपीवर काम करतो.
2. कापणं, उजेड वाढवणं एकाच बैठकीत करून एकदाच सेव्ह करतो.
3. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवतो.
4. आधी लांबी-रुंदी कमी करतो, मग केबी. 4000 पिक्सेलचा फोटो तसाच 50 केबीत कोंबला तर चेहऱ्यावर चौकोन दिसतात. आधी 400 पिक्सेलवर आणला तर चेहरा स्वच्छ राहतो.
5. बिघडला तर बिघडलेला दुरुस्त करत बसत नाही. मूळ फोटोपासून पुन्हा सुरू करतो.

त्या संध्याकाळी फॉर्म वेळेत गेला. तोच फोटो डॉक्युमेंट करून तिच्या आई-वडिलांनाही पाठवला. पालकांनो, फॉर्म होईपर्यंत तरी मूळ फोटो डिलीट करू नका.