पंचावन्न वॅटचं देणं

माझ्या हत्यारांच्या पेटीत जुन्या मोटारीच्या हेडलाइटचा एक बल्ब आहे. हाय बीमचं फिलामेंट जळालेलं, लो बीमचं शाबूत. पाठीमागे हातभर लांबीच्या दोन तारा डाखलेल्या आणि टोकांना चिमटे. बायकोनं तो दोनदा कचऱ्यात टाकला आणि दोनदा मी काढून आणला. बल्ब माझा नाही.

ऑस्टिनजवळ लेक ट्रॅव्हिस आहे. टेक्ससमधल्या कोलोरॅडो नदीवर मॅन्सफिल्ड धरण बांधलं, त्यामागे साठलेलं हे पाणी. मुलांच्या हट्टापायी मी २०१८ मध्ये तिथं एक जुनी वेकबोट घेतली. इतर बोटींमध्ये पाणी शिरू नये म्हणून धडपडतात, हिच्यात ते मुद्दाम भरायचं. मागच्या दोन कोपऱ्यांत रबरी पिशव्या असतात. माझ्या बोटीत प्रत्येकीत साडेतीनशे लिटर, म्हणजे तितकेच किलो. मागचा भाग खाली बसला की लाट उंच उठते आणि त्या लाटेवर पोरं फळी घेऊन उभी राहतात. पाणी भरायला आणि उपसायला पंप एकच. आत रबराची पाकळ्यापाकळ्यांची चकती. मोटर उलट्या दिशेनं फिरवली की पाणी बाहेर. कोरडा चालवला तर चकती मिनिटा-दोन मिनिटांत जळते, हे ज्ञान मी पहिल्याच महिन्यात रोख पैसे मोजून मिळवलं होतं.

२०२१ च्या सप्टेंबरातली एक संध्याकाळ. डावी पिशवी भरलेली आणि पंप मुका. स्विच दाबला की नुसता ‘हुं’ करायचा, भरायच्या दिशेनं दाबा नाहीतर उपसायच्या. पाणी तसंच घेऊन घरी जाणं शक्य नव्हतं. झेब्रा मसल हे नखाएवढे शिंपले २०१७ मध्ये या तळ्यात सापडले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बोटीतल्या पाण्यातून एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. म्हणून टेक्ससमध्ये २०१४ पासून कायदाच आहे की तळं सोडताना बोटीतलं सगळं पाणी काढायचं.

मी सांगलीचा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. मल्टिमीटर काढला. फ्यूज ठीक. दोन रिलेंची अदलाबदल करून पाहिली, फरक नाही. पंपाचा प्लग काढून तिथं व्होल्टेज मोजलं तर १२.६. वीज पोचते आहे म्हणजे मोटर गेली, असा निकाल देऊन मी फोनवर नव्या पंपाची किंमत बघायला लागलो. ती बघून घामही फुटला.

शेजारच्या धक्क्यावर एक म्हातारबा असायचे. वय अठ्ठ्याहत्तर. आयुष्यभर टेलिफोनच्या तारा जोडून निवृत्त झालेले, काटकुळे, डोक्यावर टोपी. आमची ओळख हात हलवण्यापुरती. ते काही न बोलता आले. सगळ्यात आधी त्यांनी इंजिनचं झाकण उघडलं, ब्लोअर लावला आणि घड्याळ बघत चार मिनिटं उभे राहिले. मग खाली वाकून वास घेतला. पेट्रोलची वाफ असलेल्या जागी तारांशी खेळायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. केलं मात्र त्यांनी.

मग खिशातून हा बल्ब काढला आणि पंपाच्या प्लगला जोडला. पंचावन्न वॅटचा दिवा, झगझगीत पेटायला हवा होता. तो देवघरातल्या समईसारखा पिवळट, मंद पेटला.

“आता मोज,” ते म्हणाले. नऊ व्होल्टच्या आसपास. मघाचे १२.६ कुठे गेले?

मी खजील झालो, कारण उत्तर मला येत होतं. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. वाटेत एखादी तार कुजून एका धाग्यावर लोंबकळत असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. पंपाला हवेत वीसएक अँपिअर. तेवढे त्या एका धाग्यातून जाणार कुठून? वाटेत फक्त एक ओहमचा अडथळा असला तरी मोटरच्या वाट्याला तीन व्होल्टसुद्धा उरत नाहीत. करंटही फ्यूज उडवण्याइतका वाहत नाही, म्हणून फ्यूज साळसूद. किर्चहॉफनं हा हिशेब १८४५ मध्ये, विद्यार्थी असतानाच, मांडून ठेवला. मी त्याच्यावर पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

“तीन-साडेतीन व्होल्ट वाटेत कुणीतरी खातंय,” म्हातारबा म्हणाले. “चल, चोर शोधू.”

दिवा पेटताच ठेवला. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, आणि लाल पिन घेऊन ते निगेटिव्हच्या वाटेनं एकेक जोड तपासत पंपाकडे सरकले. बॅटरीजवळच्या पट्टीवर जवळजवळ शून्य. स्क्रूखालच्या रिंगेवर शून्य. त्या रिंगेतून निघालेल्या तारेत पिन टोचली आणि आकडा उडी मारून तीनवर गेला. मीटरची गरज नव्हती म्हणा. त्यांनी माझं बोट तिथं टेकवलं, मला चटका बसला.

बॅटरी सुटी करून त्यांनी जोडावरचं प्लास्टिक कापलं. आत तांब्याची तार नव्हतीच, हिरवा भुगा होता. तीन धागे तेवढे शिल्लक.

तो जोड माझ्या हातचा होता. तीन वर्षांपूर्वी, पिशव्या बसवताना, दुकानातली स्वस्तातली साधी तार आणून मी ती रिंग पकडीनं चेपली होती. पकडीचे दात तिच्यावर स्पष्ट उमटलेले होते. म्हातारबांनी रिंग उन्हाकडे धरून उलटसुलट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

“ज्यानं केलं त्याला घाई असावी,” एवढंच म्हणाले.

मग आपल्या बोटीवरून बोटींसाठीची तार आणली. तिचा प्रत्येक धागा कथलानं मढवलेला, चांदीसारखा पांढरा. मी एकदम म्हणालो, अहो, ही तर कल्हई! आणि मग त्यांना मिरजेची आमची गल्ली सांगत बसलो: कल्हईवाल्याचा भाता, नवसागराचा पांढरा धूर, तापलेल्या पातेल्यात फिरणारा कापसाचा बोळा, कल्हई उडालेल्या भांड्यात कळकलेलं ताक फेकून देणारी आजी. ते तार सोलता सोलता ऐकत होते. “तुझ्या आजीला हे माहीत होतं तर,” म्हणाले. टोमणा होता की नाही, मी अजून ठरवू शकलेलो नाही.

नवा जोड त्यांनी माझ्याकडूनच करून घेतला. योग्य क्रिंपर, वर डिंक असलेली नळी, तिच्यावर गरम हवा. केल्यावर म्हणाले, ओढ. जोरात ओढलं, हललं नाही. स्विच दाबला आणि पिशवीतलं पाणी भसाभसा तळ्यात पडू लागलं. पैशाचं विचारलं तर त्यांनी टोपी थोडी मागे सारली आणि निघून गेले. बल्ब माझ्या बोटीतच राहिला.

तो परत करायला मला वेळ पुष्कळ होता. पण बल्ब द्यायला जायचं तर त्या रिंगेचंही सांगावं लागलं असतं, म्हणून मी प्रत्येक रविवारी हात हलवून पुढे जायचो.

२०२३ च्या उन्हाळ्यात लेक ट्रॅव्हिस पूर्ण पातळीच्या पन्नासएक फूट खाली गेलं. बहुतेक सार्वजनिक रॅम्प बंद झाले, आमचे धक्के कोरड्या खडकांवर टेकले. म्हातारबांनी बोट विकली आणि मुलीकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेले. मला कळलं तेव्हा त्यांच्या जागी दुसऱ्याच कुणाचं तरी कुलूप होतं. ती दात उमटलेली रिंग मी बल्बच्याच तारेला बांधून ठेवली आहे.