एका वेळी एकच बदल

नापतौल विभागात नोकरी केलेल्या माणसाला एक खोड जन्मभर पुरते. कोणताही काटा समोर आला, की तो आधी शून्यावर उभा आहे की नाही हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नाही. इंदूरच्या सराफ्यातील नाजूक तराजू, मंडीबाहेरचे धर्मकाटे, पेट्रोल पंपांवरील पाच लिटरची मापे यांच्या सहवासात आमची उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीनंतर ही खोड घरातल्या स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर भागवावी लागत होती. २०२४ च्या जुलैत मात्र तिला जे क्षेत्र सापडले, त्याची आम्ही कल्पनाही केली नव्हती. ते क्षेत्र म्हणजे मोटारसायकलींची शर्यत.

आमच्या दिवंगत दादांचा एकुलता एक मुलगा बंगळुरास संगणक क्षेत्रात नोकरीला आहे. वय एकतीस. गेली तीन वर्षे तो हौशी गटातून शर्यतींत भाग घेतो. दादांना येझदीचे वेड होते; रविवारी सकाळी अंगणात पोते अंथरून ती खोलणे हा त्यांचा कुळाचार होता, तेव्हा हे बीज कोठून आले हे शोधायला नको. परंतु वहिनींना ते मान्य होणे अवघड. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मद्रासच्या ट्रॅकवर १३ वर्षांचा एक स्पर्धक पडून दगावला, ती बातमी त्यांनी वाचली, आणि तेव्हापासून त्यांची झोप उडाली. त्या आम्हाला म्हणाल्या, "भाऊजी, तो तुमचं ऐकतो. एकदा स्वतः जाऊन या, आणि त्याला हे सोडायला सांगा." त्यांचा शब्द मोडणे आम्हाला शक्य नव्हते. आम्ही बंगळुरास गेलो, आणि गुरुवारी रात्री टेम्पोत मोटारसायकल बांधून पुतण्यासह श्रीपेरुंबुदूरकडे निघालो.

श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. १९९१ च्या २१ मे रोजी राजीव गांधींची हत्या झाली तीही येथेच. महामार्गालगत इरुंगट्टुकोट्टै येथे, चेन्नईपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, पूर्वी मद्रास मोटर रेस ट्रॅक म्हणून आणि आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणून ओळखला जाणारा हा ट्रॅक आहे. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणे बारा. त्याआधी या भागातल्या शर्यती शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत. ट्रॅकभोवती झुडपे, डोक्यावर समुद्राकाठचे दमट ऊन, आणि पत्र्याच्या छपराखाली हारीने उभ्या असलेल्या गाड्या. आरसे नि दिवे उतरवलेले. तेल सांडू नये म्हणून इंजिनाच्या तळाचा बोल्ट तारेने आवळलेला. ही तार नसेल तर तांत्रिक तपासणीत गाडी नापास होते, हे ऐकून आम्हाला पहिल्यांदा त्या लोकांविषयी आदर वाटला. तपासणी करणाऱ्यांच्या जातीचे आम्ही!

पुतण्याची गाडी केटीएमची आरसी ३९०, ३७३ सी.सी., एका सिलिंडरची. पुढचे फोर्क आणि मागचा शॉक बदलून त्याने कमी-अधिक करता येण्याजोगे बसवले होते. शुक्रवार सरावाचा. प्रत्येक सराव वीस मिनिटांचा, मध्ये दीड-दोन तासांची विश्रांती. या विश्रांतीत गाडीची 'सेटिंग' बसवायची असते. स्प्रिंग किती ताणावी, शॉकमधील तेलाची वाट किती बंद करावी, टायरमध्ये हवा किती ठेवावी, साखळीच्या चक्राला दाते किती असावेत, या सर्वांचा मेळ त्या ट्रॅकशी आणि त्या स्वाराशी घालायचा. पहिल्या सरावानंतर तो आला, पुढचे चाक वळणात बाहेर सरकते म्हणाला, आणि एका दमात तीन गोष्टी बदलून मोकळा झाला. पुढच्या सरावात त्याची फेरी अर्ध्या सेकंदाने लवकर झाली. आम्ही विचारले, "कशामुळे?" तो म्हणाला, "काका, काहीतरी जमलं असावं."

हे 'काहीतरी' आमच्याने सोसवेना. आम्ही पिशवीतून दोनशे पानी वही काढली, रूळ घेऊन रकाने आखले आणि त्याला सांगितले, की यापुढे एका वेळी एकच बदल करायचा, आणि तो लिहिल्याशिवाय गाडी बाहेर न्यायची नाही. शेजारच्या खणात एक वयस्कर तमिळ मिस्त्री होते. त्यांना हिंदी येत नव्हते, आम्हाला तमिळ येत नाही. पण वही पाहताच त्यांनी मान डोलावली, आणि पुढले दोन दिवस आम्ही उभयता निव्वळ आकड्यांत बोललो.

प्रारंभ 'सॅग'पासून केला. स्वार बसल्यावर स्प्रिंग किती खाली बसते, त्याला सॅग म्हणतात. मोजणी वरवर सोपी. फोर्कच्या नळीवर प्लास्टिकची एक पट्टी आवळायची, चाक अधांतरी असताना खूण घ्यायची, मग स्वाराला पूर्ण पोशाखात बसवून पुन्हा घ्यायची. पण खरी गंमत पुढे आहे. गाडी खाली दाबून अलगद वर येऊ दिली तर बैठक ४१ मिलिमीटर भरली. वर उचलून अलगद खाली सोडली तर ३३. गाडी तीच, स्वार तोच, आणि अंतर आठ मिलिमीटरचे! आमच्या डोळ्यांसमोर जुने गंजलेले तराजू उभे राहिले. घर्षण असलेला काटा ज्या बाजूने येतो त्या बाजूलाच थबकतो. म्हणून दोन्ही मापे घेऊन मध्य काढायचा, तो आला ३७. शिवाय ते आठ मिलिमीटर म्हणजे घर्षणाचेच माप, हे ध्यानात घ्यायचे. मिस्त्रींनी पुढच्या आसाचा पकडबोल्ट ढिला केला, गाडी चार वेळा दाबली, दोन्ही नळ्या आपसूक समांतर झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळला. फरक आठावरून पाचावर आला. सुटा भाग एकही न बदलता, एक रुपया न खर्चता! मग स्प्रिंगचा ताण वाढवून मध्य ३२ वर आणला, कारण त्या गाडीच्या पुढच्या चाकाला वरखाली होण्यास सुमारे १२० मिलिमीटर वाव, आणि त्यातला चौथा हिस्सा ते तिसरा हिस्सा यांच्या दरम्यान बैठक असावी असा मिस्त्रींचा संकेत होता.

हवेच्या बाबतीत तर हसावे की रडावे कळेना. या देशाने १९५६ च्या कायद्याने दशमान मापे स्वीकारली, त्या कायद्याच्या अंमलात आमचे आयुष्य गेले, आणि टायरमधील हवा मात्र आजही पौंडातच भरली जाते. पुतण्याकडे दोन गेज होती. एकाच टायरची हवा एक २९ दाखवी, दुसरे ३१. खरे कोणते, हे तेथे ठरवण्याचे साधन नव्हते. आम्ही एक पिशवीत बंद केले आणि दुसऱ्यावर चिकटपट्टीने 'हेच' असे लिहिले. काटा दोन पौंड चुकत असला तरी रोज तेवढाच चुकत असेल, तर तुलनेला बाध येत नाही. दोन चुकणारे काटे आलटून पालटून वापरणारा मात्र बुडतो. टायर तापला की हवा फुगते. ढोबळमानाने सहा-सात अंशांमागे एक पौंड. म्हणून माप थंड असताना एकदा, आणि गाडी आत येताच पुन्हा एकदा घ्यायचे, आणि पुढचा हिशेब दुसऱ्या मापावर करायचा.

दात्यांचे प्रकरण लवकर मिटले. पुढे १५, मागे ४५ दाते होते. मागे एक वाढवला की सव्वादोन टक्क्यांचा फरक पडतो, पुढे एक कमी केला की सातांचा. मागे ४६ चे चक्र लावून पाहिले, तर सरळ पट्टा संपण्यापूर्वीच इंजिन दम टाकू लागले. पुन्हा ४५.

फेरीच्या वेळेविषयी आमचा नियम त्याला जाचला. सर्वांत लवकरची एक फेरी दाखवून तो आनंदत असे. आम्ही त्याच्या एकाच सरावातल्या फेऱ्या मांडून दाखवल्या. काहीही न बदलता त्या दीड सेकंदाने मागेपुढे होत होत्या. मग अर्ध्या सेकंदाच्या लाभाला काय अर्थ? आम्ही उत्तम पाच फेऱ्या घेऊन त्यांतील मधली धरू लागलो. जुन्या बैठकीवर २ मिनिटे ११.६ सेकंद, नव्या बैठकीवर २ मिनिटे १०.९. शनिवारी सकाळी मुद्दाम जुन्या बैठकीवर परत नेऊन एक सराव 'वाया' घालवला, तेव्हा ११.४ आले. म्हणजे तो लाभ थंड सकाळीचा नव्हता, बैठकीचाच होता. त्या क्षणी पुतण्याने वही स्वतःच्या हाती घेतली.

शनिवारी दुपारी मिस्त्रींनी सुचवले, की फोर्कच्या नळ्या पकडीतून पाच मिलिमीटर वर सरकवाव्यात. त्याने गाडीचे नाक खाली येते, पुढच्या चाकाचा कल उभट होतो आणि गाडी चटकन वळते. झालेही तसेच. २ मिनिटे ९.८! इतका मोठा लाभ दोन दिवसांत झाला नव्हता. पण शिरस्त्राण काढताना त्याचा चेहरा उतरलेला होता. सरळ पट्ट्याच्या शेवटी पहिले वेगवान वळण येते. तेथे एका उंचवट्यावर हँडल दोन-तीन वेळा थरथरले, आणि पाचपैकी तीन फेऱ्यांत थरथरले. थरकाप आवरणारा स्टिअरिंग डॅम्पर त्याच्या गाडीला नव्हता. वहीत त्यासाठी रकाना नव्हता. आम्ही तो तेथेच आखला.

रात्री खोलीवर आम्ही वहिनींचा निरोप सांगितला. शब्दशः सांगितला, आपल्या पदरचे काही घातले नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला वाटतं मी नशिबाच्या भरवशावर जातो. काका, तुम्ही दोन दिवस पाहिलंत. तुम्हीच सांगा, उद्या नळ्या कुठे ठेवू?" प्रश्न सोडण्या-न-सोडण्याचा होता आणि तो त्याने मिलिमीटरांवर आणला, हे आम्हाला कळत होते, तरी उत्तर देणे भाग होते. आम्ही म्हणालो, "पाच मोजलेले आहेत, ते थरथरतात. शून्य मोजलेले आहे, ते थरथरत नाही." दोन मिलिमीटरवर ठेवू का, असे त्याने विचारले. मोह आम्हालाही झाला. पण दोनचे माप कोणी घेतले होते? आणि घ्यायचे ते सोळा गाड्यांच्या गर्दीत, पहिल्या वळणावर? त्याने दिवा मालवला. पहाटे आम्ही उठलो तेव्हा तो टेम्पोपाशी उकिडवा बसून नळ्या शून्यावर आणत होता.

शर्यत सहा फेऱ्यांची. तिसऱ्या फेरीत त्याच्या पुढचा एक जण घसरला, उठून चालू लागला, आणि आमचा श्वास परत आला. पुतण्या नववा आला. ९.८ ची सेटिंग असती तर सहावा आला असता, असा हिशेब त्याने जेवताना मांडला. पण कुरकुर केली नाही.

इंदूरला परतल्यावर वहिनींना आम्ही पाहिले तेवढे सगळे सांगितले. पडणारे किती, रुग्णवाहिका कोठे उभी असते, आणि सेकंदाहून अधिक लाभ त्याने स्वतःच्या हाताने कसा सोडला, हेही. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "म्हणजे सोडलं नाहीच." आम्ही नाही म्हणालो. पंधरा दिवस त्यांनी आमच्याशी बोलणे टाकले होते.

पुढे पुतण्याचा फोन आला, की पुढच्या शर्यतीसाठी वही कुरिअरने पाठवा. आम्ही ती वहिनींच्या हाती दिली. पाठवायची की नाही, हे त्यांनी ठरवावे. वही अजून त्यांच्याकडेच आहे, देवघरातल्या कपाटात. त्याने तिच्या पानांची छायाचित्रे मोबाईलवर काढून ठेवली आहेत, हे आम्ही त्यांना सांगितलेले नाही.