चुकून उतरलेले विमान

जुहू म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे येते ती चौपाटी. भेळ, शहाळी आणि वाळूत किल्ले करणारी पोरे. पण तिथून सांताक्रूझ स्टेशनकडे परतताना एक लांबलचक भिंत लागते. तिच्यापाशी सहसा कुणी थांबत नाही. भिंतीपलीकडे आहे जुहूचा विमानतळ, आपल्या देशातील मुलकी विमानवाहतुकीचे माहेरघर.

१९२८ साली हा तळ सुरू झाला, तेव्हा तो म्हणजे चिखलमातीचे एक सपाट मैदान होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी अठ्ठावीस वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन निघाले आणि अहमदाबादेत थांबून, इवल्याशा पस मॉथ विमानातून दुपारी येथे उतरले. पावसाळ्यात मैदानाचे तळे होई, मग सारे बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे. युद्धकाळात शेजारी सांताक्रूझचा मोठा तळ झाला आणि युद्धानंतर विमाने तिकडे गेली. सुनेच्या हाती किल्ल्या गेल्यावर सासूबाई ओसरीवर येऊन बसतात, तसे जुहूचे झाले.

या ओसरीची खरी ओळख मला करून दिली ती आमच्या शेजारच्या नानांनी. नाना म्हणजे निवृत्त वैमानिक. डाकोटापासून एअरबसपर्यंत सारे चालवून ते २००१ साली घरी बसले. एका संध्याकाळी आम्ही त्या भिंतीकडेने फिरत होतो.

"प्राध्यापक, माझी खरी शाळा ही," नाना म्हणाले. "पार्ल्याची नव्हे!"

१९५३ सालच्या जुलैत नाना दहा वर्षांचे होते. त्या महिन्याच्या १५ तारखेला एक ब्रिटिश कॉमेट विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूला उतरले. कॉमेट म्हणजे जगातले पहिले प्रवासी जेट. बातमी पार्ल्यात पोचताच दुसऱ्या दिवशी नाना आणि दोन मित्र शाळा बुडवून, पावसात भिजत, पायी जुहूला गेले.

"लांबूनच पाहिले. पण याला पंखेच नाहीत, हे पाहून आम्ही थक्क झालो!"

पुढच्या दिवशी गणिताच्या मास्तरांनी तिघांना उभे केले. छडी मिळाली, ती मिळालीच. मग मास्तरांनी विचारले, "ते विमान चुकले कसे?" कुणाला सांगता येईना. मास्तरच म्हणाले, "गणित सोडवले, पण ताळा केला नाही!"

समुद्रावरून येणाऱ्याला आधी लागते जुहू, मग दोन-तीन किलोमीटरवर सांताक्रूझ. दोन्हीकडे पूर्व-पश्चिम धावपट्टी. डोळा म्हणतो, हीच ती. कॉमेट नऊएक दिवसांनी सुखरूप उडून गेले. परंतु २४ सप्टेंबर १९७२ रोजी एक जपानी डी. सी. आठ विमान त्याच चुकीने जुहूला उतरले, धावपट्टी संपल्यावरही पुढे गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने कुणाचा प्राण गेला नाही. तोवर नाना स्वतः वैमानिक झाले होते. "मास्तरांची आठवण झाली," ते म्हणाले. "विमानात एकजण यादी वाचतो, दुसरा उत्तर देतो. पाढे म्हटल्यासारखेच! लोकांना वाटते, वैमानिकाला धाडस लागते. अहो, त्याला लागतो संशय, आणि तोही स्वतःच्याच डोळ्यांचा."

बोलता बोलता नाना थांबले. मग सांगू लागले. ऐंशीच्या दशकातली एक जुलैची रात्र. दिल्लीहून मुंबईला येत होते. धो धो पाऊस. दोनदा खाली आले. दुसऱ्या खेपेला दिवे दिसल्यासारखे वाटले, पण खात्री होईना. विमान पुन्हा वर घेतले आणि अहमदाबादेला नेले. तिथे एक तरुण प्रवासी समोर उभा राहिला. त्याचे वडील मुंबईत इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होते. तो ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "दिवे मलाही दिसले होते."

"सकाळी मुंबईला उतरलो. तो धावतच गेला. त्याला वडील भेटले की नाही, मला कधीच कळले नाही."

"पण तुमचा निर्णय बरोबरच होता ना, नाना?"

"होता. पुन्हा वेळ आली तर तेच करीन. पण ताळा जमला म्हणून उत्तर गोड लागतेच असे नाही."

भिंतीपलीकडून एक हेलिकॉप्टर उठले. मुंबई हायच्या तेलविहिरींवर माणसे नेण्या-आणण्याचे काम आता जुहूकडे आहे. नाना ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिले, मग सवयीने घड्याळ पाहिले.

या सुट्टीत मुलांना चौपाटीवर न्याल, तेव्हा परतताना त्या भिंतीपाशी मिनिटभर अवश्य थांबा. गणिताचा कंटाळा करणारे एखादे पोर बरोबर असेल, तर त्याला कॉमेटची गोष्ट सांगा. त्या तरुणाची मात्र थोडे मोठे झाल्यावर सांगा.