डब्यातलं बिस्किट आणि माझा एक फॉरवर्ड

आज लिहिते आहे ती गोष्ट माझ्या चुकीची आहे. अशी चूक आपल्यापैकी कोणाच्याही हातून होऊ शकते, म्हणून सांगते.

मी नववीला विज्ञान शिकवते. आमच्या भागात एमआयडीसी असल्याने निम्म्याहून जास्त मुलांचे आई-वडील कंपनीत कामाला जातात. वर्गाच्या पालकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. एका संध्याकाळी मला तीस-चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आला. त्यात एक जण बिस्किटाचा पुडा कचऱ्यात टाकतो आणि म्हणतो, "हे तुमच्या मुलासाठी विष आहे." मला पटलं. मी तो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "पालकांनी कृपया डब्यात घरचंच अन्न द्यावे."

रात्री पाहते तर ऐंशीच्या वर मेसेज! कोणी लिहिलं, साखर बंद करा, गूळ वापरा. कोणी खपली गव्हाची लिंक टाकली. कोणी ए-टू दुधाचे गुण सांगितले. दुसऱ्या बाजूने उत्तर आलं, "आम्ही चहा-बिस्किटं खाऊनच मोठे झालो, काय झालं आम्हाला?" मग वाद डब्यावरून घसरला आणि माणसांवर आला. एका पालकांनी लिहिलं, "काही आयांना मुलांसाठी दहा मिनिटंसुद्धा काढता येत नाहीत." त्यावर तीन अंगठे पडले. मी ते वाचलं आणि गप्प बसले. म्हटलं, मोठी माणसं आहेत, बोलू देत.

रिकामा बाक

पुढच्या आठवड्यात लक्षात आलं की वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा खायला बसत नाही. नळाजवळ जाते, पाणी पिते आणि घंटा होईपर्यंत तिथेच थांबते. विचारलं तर म्हणाली, "भूक नाही मॅडम." चौथ्या दिवशी शेवटच्या तासाला ती बाकावर डोकं टेकून बसली, तेव्हा तिच्या मैत्रिणीने हळूच सांगितलं, "ती रोज बिस्किटं आणायची. आता आणतच नाही."

रविवारी तिच्या आईला फोन केला. त्या ग्रुपमध्ये होत्या, पण कधी काही लिहीत नसत. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, सगळे मेसेज वाचले मी. साडेपाचला कंपनीची बस येते. त्याआधी पाणी भरायचं, सासूबाईंचं करायचं. रोज भाकरी-भाजी करायची म्हणजे साडेतीनला उठावं लागेल. बिस्किट चांगलं नाही, हे मलाही कळतं हो. पण उपाशी राहण्यापेक्षा बरं, म्हणून देत होते. आता पोरगी तेपण घेऊन जात नाही. म्हणते, सगळे बघतात."

मला काय बोलावं ते सुचेना. माझ्या मेसेजने त्या घरात आरोग्य पोहोचलं नव्हतं, फक्त लाज पोहोचली होती.

व्हिडिओ खोटा होता का?

पूर्ण खोटा नव्हता. बऱ्याच बिस्किटांमध्ये मैदा, साखर आणि तेल भरपूर असतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्येच सांगितलं आहे की वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी हवी, शक्य झाल्यास 5 टक्क्यांहून कमी. दिवसाला 2000 कॅलरी घेणाऱ्या प्रौढासाठी ही 5 टक्के म्हणजे साधारण 25 ग्रॅम, सुमारे सहा चमचे.

अशा चर्चांचा उपयोगही होतो. मुलांसाठीच्या एका प्रसिद्ध चॉकलेटी पावडरीतल्या साखरेवरून 2023 मध्ये इंटरनेटवर मोठा वाद झाला. पुढे एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरात ठेवू नका, कारण अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही.

मग चुकतं कुठे? "विष" म्हटलं की माणूस घाबरतो आणि पुढे पाठवतो. "किती? रोज की कधीतरी? त्याऐवजी काय?" हे प्रश्न तीस सेकंदांत मावत नाहीत. गुळाचंच बघा. गुळात थोडी खनिजं असतात, पण तोही मुख्यतः साखरच. आणि समोरच्या घरात गॅस किती वाजता पेटतो, हे तर कोणी विचारतच नाही.

मग काय केलं?

आधी त्या आईची माफी मागितली. ग्रुपवरही लिहिलं, "घरची परिस्थिती विचारात न घेता मी तो व्हिडिओ टाकला, ही माझी चूक. कोणाच्याही डब्यावरून कोणाच्या आईला नावं ठेवू नयेत." दोघांना ते आवडलं नाही. ठीक आहे.

मग वर्गात दोन तास घेतले. मुलांना म्हटलं, घरातली किंवा दुकानाजवळ पडलेली रिकामी पाकिटं आणा. डबा कोणी दाखवायचा नाही. पाकिटावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. 4 ग्रॅम साखर म्हणजे एक चमचा धरला. एका आंब्याच्या पेयावर 100 मिलिलीटरला 13 ग्रॅम साखर होती आणि बाटली 200 मिलिलीटरची. मुलांनीच हिशेब केला, साडेसहा चमचे! पाकिटावर गव्हाच्या लोंब्यांचं चित्र असलेल्या महागड्या बिस्किटातही पहिला घटक मैदाच निघाला. वर्ग एकदम शांत झाला. स्वस्त बिस्किट आणणाऱ्या मुलांनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली, असं मला तरी वाटलं.

शेवटी फळ्यावर यादी केली : चूल न पेटवता डब्यात काय नेता येईल? मुलांनी सांगितलं, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळं, काकडी, रात्रीची भाकरी आणि चटणी, चुरमुरे. यादी मी सांगितलेली नव्हती, म्हणून ती घरी पोहोचली.

ती मुलगी आता डबा आणते. कधी भाकरी-चटणी असते, कधी शेंगदाणे. महिनाअखेरीला अजूनही बिस्किटं असतात. पण ती बाकावर, मैत्रिणींच्या मधे बसून खाते.

तुमच्या वर्गात हा तास घ्यायचा असेल तर एकच पथ्य पाळा. तपासायचं ते पाकीट, कोणाचा डबा नाही. आणि पालकहो, ग्रुपवर असा व्हिडिओ टाकण्याआधी एकदा आठवा, तिथे काही न लिहिता वाचणारं कोणीतरी असतं.